दोन सिमच्या फोनमध्ये आईचा बॅलन्स जातो कुठे?

तुमचा प्रश्न नीट वाचला. सेलूजवळच्या गावी राहणाऱ्या आईला पहिला स्मार्टफोन घेऊन दिलात. बटणाच्या फोनमधलं जुनं सिम त्यात टाकलं आणि रोज दीड जीबीवालं नवं सिमही घेतलं. आता दुपार झाली की ‘डेटा संपला’ असा मेसेज येतो, दुकानदार दर वेळी वरचा डेटा पॅक मारून देतो, आणि जुन्या सिमवर टाकलेला टॉकटाइम दोन दिवसांत शून्य होतो. आई म्हणतात, ‘मी तर कुणाला फोन लावलाच नाही.’

आई खरं बोलतायत. फक्त हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. नव्या सिमवर डेटा संपतो, पैसे कटत नाहीत. जुन्या सिमवर खरोखर पैसे कटतात. आधी जुनं सिम बघा, कारण नुकसान तिथे आहे.

दोन सिमच्या फोनमध्ये इंटरनेट कुठल्या सिमवरून चालवायचं हे ठरवावं लागतं. सेटिंग्जमध्ये सिम कार्डच्या पानावर ‘मोबाइल डेटा’ म्हणून पर्याय असतो, तिथे नवं सिम निवडलेलं आहे का बघा. त्याच पानावर बहुतेक फोनांत आणखी एक बटण असतं: एका सिमची रेंज गेली किंवा त्यावर कॉल चालू असला, की डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर न्यायचा. माझा संशय याच बटणावर आहे. गावात घराच्या आत एका कंपनीची रेंज असते, अंगणात दुसरीची. नव्या सिमची रेंज गेली की फोन गुपचूप जुन्या सिमवरून इंटरनेट चालवतो. त्यावर डेटा पॅक नाही, म्हणून एमबीच्या हिशेबाने टॉकटाइममधून पैसे जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो उतरले तरी फरक पडतो. ते बटण बंद करा.

एवढ्यावर थांबू नका. लेकरं फोन हातात घेतात आणि सेटिंग पुन्हा बदलते. म्हणून जुन्या सिमचं इंटरनेट कंपनीकडूनच बंद करून घ्या. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘स्टॉप’ लिहून १९२५ वर एसएमएस पाठवा. पाठवताना जुनं सिम निवडलंय याची खात्री करा. सगळ्या कंपन्यांसाठी ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, हा एकच नंबर ठेवलाय आणि त्याला पैसे लागत नाहीत. पुढे गरज पडली तर ‘स्टार्ट’ पाठवला की इंटरनेट परत चालू होतं. माझ्या मते ज्यांना त्या सिमवर फक्त कॉल हवेत, त्या प्रत्येकाने हे करून ठेवावं.

तरीही पैसे कटले तर कारण डेटा नाही, एखादी सेवा चालू झालेली असते. कॉलर ट्यून हे नेहमीचं. समोरच्याची ट्यून ऐकताना ‘कॉपी करायला स्टार दाबा’ असं बाई सांगते, आणि हात लागतो. दुसरं म्हणजे स्क्रीनवर अचानक उगवणारी चौकट, खाली ‘ओके’. आईंना वाटतं दाबल्याशिवाय ती जाणारच नाही. त्यांना ‘रद्द’ कुठे असतं ते बोट धरून दाखवा. फोनमध्ये ‘सिम टूलकिट’ नावाचं अ‍ॅप असतं, बऱ्याच सिमवर त्यातून या चौकटी बंद करता येतात. चालू झालेली सेवा १५५२२३ वर फोन करून बंद होते. हाही नंबर मोफत आहे. पैसे परत हवे असतील तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. क्रमांक नसेल तर पुढे दाद मागता येत नाही.

आणि मुळात जुन्या सिमवर टॉकटाइम टाकताच कशाला? कॉलचा अमर्याद पॅक असेल तर मुख्य बॅलन्स शून्य असला तरी देशात कुठेही फोन लागतो. शिल्लकच नसेल तर कटणार काय? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणं बंधनकारक केलं, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. दुकानात ते कुणी आपणहून सांगत नाही. नाव घेऊन मागा.

आता नवं सिम. दीड जीबी संपला की अशा अमर्याद पॅकमध्ये पैसे कटत नाहीत, फक्त वेग ६४ केबीपीएसच्या आसपास येतो. लिखाणाचे मेसेज तेवढ्यावरही उशिराने का होईना जातात. रात्री बारा वाजता कोटा पुन्हा भरतो. म्हणजे दुपारी चारला घेतलेला वरचा पॅक बहुतेक वेळा उगीचचा खर्च असतो. दुकानदाराला सांगून ठेवा, तुम्हाला विचारल्याशिवाय मारू नको.

दुपारपर्यंत तो संपतो कशाने, हे फोनच सांगतो. सेटिंग्जमध्ये डेटा वापराचं पान उघडा, अ‍ॅपवार यादी दिसेल. बहुतेक यूट्यूब सगळ्यात वर असेल. आई सकाळी स्वयंपाक करताना कीर्तन लावतात, फोन फळीवर उभा, बघत कुणी नाही. एक कीर्तन संपलं की दुसरं आपोआप सुरू. चित्राचा दर्जा (क्वालिटी) ७२० वर ठेवून चाललेला व्हिडिओ तासाला जीबीच्या आसपास खातो, तोच १४४ वर साधारण शंभर एमबीत भागतो, आणि आवाजात ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’ निवडा, ‘ऑटोप्ले’ बंद करा. रोज ऐकायची चार कीर्तनं डाउनलोड करून द्या, म्हणजे तेच पुन्हा ऐकायला डेटा जाणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’त मीडिया आपोआप डाउनलोड होण्याचे सगळे टिक मोबाइल डेटापुरते काढा. भावकीच्या ग्रुपवरचे ‘शुभ सकाळ’चे फोटो मग बोट लावल्यावरच उघडतील. प्ले स्टोअरचे अपडेट आणि गुगल फोटोजचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा. तुमच्याकडे परभणीला आल्या की ते आपोआप होऊन जाईल. 

लोकेशन चालू ठेवल्याने डेटा जातो अशी भीती बऱ्याच जणांना असते. जीपीएस उपग्रहाचे संकेत नुसते घेतो, त्याला इंटरनेट लागत नाही. डेटा जातो तो नकाशा उतरताना. तेव्हा पीक पाहणीसाठी रानात लोकेशन लावायला घाबरू नका.

तेलंगणात बासरला दर्शनाला गेल्यावर फोनवर रोमिंग दिसलं तरी अशा पॅकवर देशात वेगळे पैसे लागत नाहीत. देशाबाहेरची गोष्ट वेगळी. उमरा-हजला कुणी निघालं असेल तर विमानात बसण्याआधीच डेटा रोमिंग बंद करून द्या, आणि परदेशातला पॅक घेतल्यावरच चालू करा.

हे सगळं करूनही जुन्या सिमचा बॅलन्स गेला, तर प्रीपेडवाल्यालाही कंपनीकडून मागच्या सहा महिन्यांतला तपशीलवार हिशेब मागता येतो, जास्तीत जास्त पन्नास रुपये शुल्कात. तो येईपर्यंत, पैसे कटल्याचा शेवटचा मेसेज मोबाइल नंबर झाकून इथे टाका. त्यातल्या शब्दांवरून डेटा गेला की सेवा चालू झाली ते लगेच कळेल.