एक्सेल फाइल अपलोड केल्यावर ५०४ येतो; टाइमआउट वाढवावा का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: ठाण्यातील एका वितरकासाठी जँगो या पायथन चौकटीत केलेल्या वेब ॲप्लिकेशनमध्ये सुमारे ४०,००० ओळींची एक्सेल फाइल अपलोड केली की बराच वेळ चक्र फिरत राहते आणि शेवटी ५०४ (सर्व्हरकडून वेळेत उत्तर न आल्याचा त्रुटी-संदेश) येतो. ॲप्लिकेशन चालवणाऱ्या गनिकॉर्न या सर्व्हरचा टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा) आपण १२० सेकंद केलेला आहेच. आता त्याच्या पुढे असलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरचाही वाढवावा का, असे आपण विचारले आहे.

माझे स्पष्ट मत, वाढवू नये. मी महापे येथे गोदामांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका छोट्या चमूत काम करतो आणि ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

एनजिनएक्सची प्रॉक्सी_रीड_टाइमआउट ही मर्यादा मुळात ६० सेकंदांची असते. ती उलटली की एनजिनएक्स वापरकर्त्याला ५०४ दाखवतो, परंतु मागे गनिकॉर्नचा वर्कर (विनंती हाताळणारी प्रक्रिया) थांबत नाही. गनिकॉर्नच्या स्वतःच्या मर्यादेत बसले, तर तो आपले काम पूर्ण करून ओळी डेटाबेसमध्ये घालतोच. वापरकर्त्याला मात्र फाइल गेली नाही असे वाटते आणि तो पुन्हा बटण दाबतो. तुर्भ्याच्या एका गोदामातील कारकुनाने असेच तीनदा बटण दाबले आणि तांदळाच्या पोत्यांचा साठा तिप्पट दिसू लागला. त्याची काहीच चूक नव्हती. आमच्या पडद्याने त्याला खोटे सांगितले होते. त्या नोंदी हाताने दुरुस्त करण्यात आमचे दोन दिवस गेले. शिवाय चार वर्कर असतील आणि चौघांनी एकाच वेळी मोठ्या फाइली पाठवल्या, तर बाकी सर्वांसाठी साइट ठप्प होते. टाइमआउट वाढवल्याने हे ठप्प होणे अधिक लांबते, एवढेच.

प्रथम वेळ नेमका कुठे जातो ते पाहावे. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये रिक्वेस्ट_टाइम (विनंतीचा एकूण वेळ) आणि अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम (मागच्या सर्व्हरला लागलेला वेळ) हे दोन्ही आकडे छापून घ्यावेत. एनजिनएक्स मूळ मांडणीत संपूर्ण फाइल हाती आल्यावरच ती मागे पाठवतो, त्यामुळे या दोन आकड्यांतील फरक म्हणजे बहुतांशी फाइल चढण्याचा वेळ होय. तो मोठा असेल तर दोष जोडणीचा आहे; आपल्या वर्णनावरून मात्र दुसरा आकडाच मोठा निघेल असे मला वाटते.

मग फाइल स्वीकारणे आणि तिच्यावर काम करणे या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. व्ह्यूने (विनंतीला उत्तर देणाऱ्या जँगोतील कोडने) फाइल साठवावी, ‘अपलोड’ नावाच्या टेबलात एक नोंद करावी, पार्श्वभूमीत कामे करणाऱ्या सेलरी या साधनाच्या रांगेत त्या नोंदीचा केवळ क्रमांक टाकावा आणि लगेच २०२ (‘स्वीकारले, काम नंतर होईल’) हे उत्तर द्यावे. येथे दोन खाचखळगे आहेत, आणि दोन्हींत आम्ही पडलो. पहिला असा की, व्ह्यू ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसचे बदल एकत्रच पक्के होणाऱ्या गटात) चालत असेल तर ट्रान्झॅक्शन पूर्ण होण्याआधीच सेलरीचा वर्कर काम उचलू शकतो आणि त्याला ती नोंदच सापडत नाही. म्हणून टास्क जँगोच्या ऑन_कमिटमधूनच, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्के झाल्यावरच, रांगेत टाकावा. दुसरा प्रगतीचा: सर्व ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घालत असताना त्याच जोडणीवरून ‘१२,००० ओळी झाल्या’ असे लिहिले, तर ते ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत बाहेर कोणालाच दिसत नाही, आणि वापरकर्ता शून्याकडे पाहत बसतो. प्रगतीचा आकडा रेडिस या मेमरीतील वेगळ्या साठ्यात ठेवला की हा प्रश्न सुटतो. पानाने दर दोन-तीन सेकंदांनी तो विचारावा, तेवढे पुरते. त्यासाठी वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) आणण्याची गरज नाही.

दुबार फाइल रोखण्यासाठी फाइलचा एसएचए-२५६ हॅश (आशयावरून निघणारी ओळखखूण) काढून ग्राहक आणि हॅश यांच्या जोडीवर युनिक बंधन घालावे. मात्र आधीचे काम अयशस्वी झाले असेल तर तीच फाइल पुन्हा घेण्याची सोय ठेवावी, नाहीतर वापरकर्ता कायमचा अडकतो.

एवढे झाल्यावरच वेगाकडे वळावे. बहुधा आपण प्रत्येक ओळीला एकदा मालाचा कोड शोधत आहात आणि एकदा सेव्ह करत आहात, म्हणजे ४०,००० ओळींसाठी किमान ८०,००० क्वेऱ्या (डेटाबेसकडे केलेल्या विचारणा). सर्व कोड आधीच एका डिक्शनरीत आणून ठेवावेत, नोंदी जँगोच्या बल्क_क्रिएटने हजार-हजारच्या गटांत घालाव्यात आणि एक्सेल वाचणारी ओपनपायएक्सएल ही लायब्ररी वापरत असाल तर वर्कबुक रीड_ओन्ली प्रकारे उघडावे, म्हणजे संपूर्ण पत्रक मेमरीत चढत नाही. आमच्याकडे सर्वाधिक फरक पहिल्याच बदलाने पडला.

चुकलेल्या ओळी गाळून टाकू नयेत. ओळ क्रमांक आणि कारण मराठीत लिहिलेली यादी काम संपल्यावर त्याच पानावर द्यावी, कारण गोदामातील माणसाला ती एक्सेलमध्ये तेथल्या तेथे दुरुस्त करायची असते. आपल्या मॉडेलमध्ये कोडच्या स्तंभावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे का आणि एनजिनएक्सच्या लॉगमधील ते दोन आकडे काय येतात, हे कळवावे. त्यावरून पुढचे नेमके सांगता येईल.