आखाजीची शुभेच्छापत्रे आणि रबरी ठसे

प्रश्न : आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येणाऱ्या मुलींसाठी मी रबरी ठशांनी शुभेच्छापत्रे तयार करते, परंतु कडेला शाई फुटते आणि मधला भाग फिका उमटतो. झोक्याचा ठसा घरी करता येईल का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : ठसा पॅडवर जोराने दाबला, की शाई कोरलेल्या खोलगट भागात उतरते आणि तीच कागदावर फुटते, म्हणून ठसा उताणा धरून त्यावर पॅड हलकेच टेकवत शाई लावावी. कागद गुळगुळीत, २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) असावा. मधला भाग फिका राहू नये यासाठी कागदाखाली जुने मासिक ठेवावे आणि ठसा न डोलवता सगळीकडून सारखा दाबून सरळ वर उचलावा.

झोका अवश्य कोरावा; आखाजीला माहेरी आलेल्या मुली झोके खेळतात, तेव्हा याहून शोभेल असे चित्र मला सुचत नाही. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने काढलेले चित्र खोडरबरावर पालथे घालून घासले, की ते उलटे उतरते आणि छापताना सुलटे येते. अक्षरांसाठी तर हीच रीत सोयीची. आपल्याकडच्या वैशाखी उन्हाळ्यात शाई लवकर वाळते, तेव्हा पॅड घट्ट झाकून पालथे ठेवावे.