डबा जसाच्या तसा परत येतो, काय करू?

"मॅडम, हा काही खातच नाही हो, डबा रोज परत, दोन टॉनिकं बदलून झाली." हे वाक्य माझ्याकडे इतक्या वेळा येतं की ही केस लिहायचीच होती (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत, तब्येतीने बारीक पण तसा ठीक. आई रडायच्या बेतात.

मी खाण्याचं काही विचारलंच नाही. म्हटलं ताई, सात दिवस फक्त घड्याळ लिहून आणा, कधी उठला, कधी काय तोंडात टाकलं, कधी डोळा लागला.

वही आली आणि सगळं त्यातच होतं. बाबा साडेनऊला येणार, मग दहाला सगळे एकत्र जेवणार, वर कोल्ड कॉफी, मग मोबाईल, झोप पावणेबाराला. सकाळी सहाला उठवायचं कारण व्हॅन ६.३५ ला. म्हणजे जेमतेम सव्वासहा तास झोप, आणि ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास लागते! चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ नंतर भरवा असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, पण हा पाचवीत. मग शाळेतून आल्यावर दुपारी तीन ते साडेपाच गाढ झोप, उठल्यावर चिप्स नाहीतर मॅगी, मग रात्री आठला भूक कुठून लागणार, आणि अकराला झोप तरी कशी येणार.

मुलाशी एकटं बोलले. म्हणाला, "सकाळी पोहे बघितले की मळमळतं." व्हॅनमध्ये खिडकीच्या दांडीला डोकं टेकून झोपतो, कपाळावर लाल वण दिसत होता. उशिरा जेवलेलं पोट, अर्धवट झोप, त्यात सहाला पोहे, मोठ्या माणसाला तरी जातील का? शिवाय झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलंय, त्यामुळेही संध्याकाळी गोड-तळलेलंच हवं होत असेल. याला मी हट्ट म्हणणार नाही.

टॉनिक, डब्याची रेसिपी, काही बदललं नाही. फक्त मुलाचं जेवण पावणेआठला, दुपारची झोप गजर लावून अर्धा तास, चारनंतर चहा-कॉफी बंद. आईला सगळ्यात जड गेलं ते एकत्र जेवण सोडणं, आणि ते मला कळतं, बाबांना मूल भेटणार कधी? मग बाबांनी सकाळी व्हॅनपर्यंत सोडायला जायचं ठरवलं. पहिला आठवडा वाईट गेला, भरपूर चिडचिड. तिसऱ्या आठवड्यात झोप सव्वानऊच्या आसपास आली, आणि डब्यातली दोनपैकी एक पोळी संपायला लागली.

एक मात्र सांगते, मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा रात्री पाय सारखे हलवत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल-ॲडेनॉइड, लोहाची कमतरता, हे वेळा बदलून जात नाही.

परवा आईचा फोन होता. रविवारी पाहुणे आले की अजून अकरा वाजतातच, मग सोमवारी डबा परत येतो. पण आता ती ओरडत नाही म्हणाली, सोमवारी रात्री त्याला लवकर वरणभात भरवते आणि साडेआठलाच दिवा बंद करते.