हळूच ताणा, कंबर आपलीच आहे

दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. 'मनी कंबर दुखस' एवढ्या एका ओळीचंही एक पत्र यंदा आलं. बाकीच्यांनी थोडं सविस्तर लिहिलंय, म्हणून त्यांना उत्तरं देता येतात.

दिवसभर ओटी बांधून कापूस वेचते. संध्याकाळी कंबर सरळच होत नाही. मोबाइलवर पाहून पायाचे अंगठे धरायचा व्यायाम सुरू केला, तर दुखणं वाढलं. (चोपडा तालुका)

वाढणारच की! दिवसभर पुढे वाकायचं आणि घरी येऊन पुन्हा पुढेच वाकायचं. तुमच्या कंबरेला हवंय उलटं. एक ओळ वेचून झाली की उभ्या राहा, तळहात मागे कंबरेवर टेकवा आणि गुडघे न वाकवता हळूच मागे झुका. दोन सेकंद थांबून परत सरळ. असं पाच-सहा वेळा. चक्कर येत असेल तर मान मागे टाकू नका, नजर समोर ठेवा.

ओटी गच्च भरू देऊ नका. ती पोटावर लोंबते आणि कंबरेला पुढे ओढते. मजुरी किलोवर मिळते, सारखं बांधावर जाऊन ओटी रिकामी करणं परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी जमेल तेवढं करा.

रात्री जमिनीवर गोधडी घालून उताणं पडा. बाजेवर नको, ती मध्ये खचते. एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या, वीस सेकंद धरा, सोडा, मग दुसरा. प्रत्येकी तीनदा. हेही वाकणंच आहे, पण पडल्यावर कंबरेवर धडाचं ओझं नसतं. नंतर दोन्ही गुडघे जोडून सावकाश डावीकडे-उजवीकडे झुकवा. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. झटके द्यायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. आणि सकाळी उठल्या उठल्या वाकून करायचे व्यायाम टाळा. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यांना तासभर द्या.

वय 46, रेल्वेत नोकरी. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज निघाली, कळ पोटरीपर्यंत जाते. स्ट्रेचिंग करू की आता काहीच नको? (भुसावळ)

आधी त्या रिपोर्टची धास्ती सोडा. बल्ज म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली असणं. कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांमध्ये बल्ज दिसली होती. केस पिकतात तसंच हे बरंचसं.

महत्त्वाचं आहे ते कळ कुठे सरकते हे. पालथे पडा, दोन मिनिटं नुसते पडून राहा, मग कोपरांवर छाती उचला. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत चढत गेली तर व्यायाम लागू पडतोय, भले कंबर थोडी जास्त दुखो. खाली पायात उतरली, मुंग्या वाढल्या, तर लगेच थांबा. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टला हे 1956 मध्ये चुकून सापडलं. डोक्याकडची बाजू वर केलेल्या पलंगावर त्यांचा एक रुग्ण पालथा पडून राहिला आणि उठला तेव्हा पायाची कळ गेलेली होती.

पाय सरळ ठेवून मांडीमागचा ताण सध्या देऊ नका; तिथे ओढल्यासारखं वाटतं ती बहुधा नस असते. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेना आणि चप्पल निसटू लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. रात्र असली तरी.

हंडा उचलताना उसण भरली. सासूबाई म्हणतात, पायाळू माणसाची लाथ लागली की जाते. (अमळनेर)

उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआपच सुटते, आणि श्रेय शेवटचा पाय ज्याचा लागला त्याला जातं! सासूबाईंचा मान राखायचाच असेल तर त्या पायाळू माणसाला चहाला बोलवा, लाथ नको. एक-दोन दिवस जपून राहा, पण अंथरूण धरू नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेका आणि घरातल्या घरात चालत राहा. उताणं पडून, गुडघे उभे ठेवून कंबर जमिनीला हलकेच टेकवायची आणि सोडायची, दहा वेळा. तेवढं पुरे.

आई 68 वर्षांची, हाडं ठिसूळ आहेत. तिला सूर्यनमस्कार शिकवू का? (धुळे)

नको. ठिसूळ मणका पुढे वाकताना आणि पीळ देताना दबून मोडू शकतो. कधी नुसत्या शिंकेनेही. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहणं आणि खांदे मागे नेणं एवढंच करू द्या. अचानक नवी कळ आली, किंवा दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टर.

केळी कापणीच्या टोळीत घड वाहतो. कंबरेचा पट्टा कायम बांधू का? (रावेर)

नाही. जुन्या कंबरदुखीसाठी पट्टे सरसकट वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये सांगितलंय. पट्टा खुंटीला टांगा. घड घेताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाका, आणि गाडी भरून झाली की वर लिहिलेलं मागे झुकणं तुम्हीही करा.