उताराच्या पायथ्याशी दोन इंच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नगरपरिषदेत अपंगांच्या सेवांचं काम तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. तपासणीच्या तक्त्यात सगळीकडे ‘होय’ आहे, रॅम्प होय, स्वच्छतागृह होय, टोकनयंत्र होय, मग तक्रारी का येतात, असं तू विचारलंस. हा प्रश्न इतक्यात सोडू नकोस.

असा एक तक्ता मी स्वतः भरला होता. इमारत नवी होती, उतार सुबक होता. मी ‘होय’ लिहून सही केली. पुढे केबलसाठी समोरचा रस्ता खणला, घाईने बुजवला, आणि तो खचला. उताराच्या पायथ्याशी दोन इंचांची कड उघडी पडली. एक दिवस एक बाई व्हीलचेअरवरून आल्या. खुर्चीची पुढची लहान चाकं त्या कडेला अडली. त्यांनी मागे सरून जोर लावला तशी खुर्ची पुढे कलंडू लागली. मग रखवालदाराने आणि येणाऱ्याजाणाऱ्या एकाने त्यांना न विचारताच खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. त्यांचं काम झालं, कागद मिळाला. जाताना त्या शांतपणे म्हणाल्या, “पुढच्या वेळी भावाला सुट्टी असेल तेव्हाच येईन.” माझ्या तक्त्यात मात्र अजूनही ‘होय’च होतं.

तेव्हापासून मी एकच विचारत आले: या माणसाला घरून निघून, आपलं काम करून, कुणापुढे हात न पसरता परत जाता आलं का? साखळीची एक कडी तुटली की बाकीच्या शाबूत कड्यांचा त्याला काही उपयोग नसतो. बस खाली झुकते, पण थांब्यापासून दारापर्यंत फुटपाथ नाही. दार रुंद आहे, पण खिडकी छातीच्या वर. स्वच्छतागृहात आधाराचे दांडे आहेत, पण आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या भरून ठेवल्यात. मदतीसाठी ओढायची दोरी असते ना, ती लोंबते म्हणून साफसफाईवाले वर गाठ मारून ठेवतात. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोहोचायचा कसा? जाशील तिथे आधी ती गाठ सोड.

उताराचं गणित पाठ करून ठेव, कारण ठेकेदार तुला इथेच गुंडाळतील. एकास बारा, म्हणजे जेवढी उंची तिच्या बारापट लांबी. जोतं 45 सेंटीमीटर उंच असेल तर नुसता उतार 5.4 मीटर लांब हवा, शिवाय वर-खाली खुर्ची वळवायला साधारण दीड मीटरची सपाट जागा. “जागा नाही” म्हणून तो दोन मीटरमध्ये बसवला, तर ती घसरगुंडी होते. ती मंजूर करू नकोस. जागा खरंच नसेल तर दुसरं दार शोध, लिफ्टचा विचार कर, किंवा ती खिडकीच खाली रस्त्याच्या पातळीवर आण. खिडकी हलवणं बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडतं आणि तेच शेवटी सुचतं.

ज्यांना दिसत नाही त्यांच्या बाबतीत आपण वस्तू बसवतो आणि ती कशासाठी आहे हेच विसरतो. फुटपाथवरच्या उठावदार फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये तयार केल्या आणि 1967 मध्ये ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे सावध व्हा. ती भाषा आहे. तिच्यात चूक झाली तर माणूस खांबावर आदळतो. फरशांची रांग थेट झाडाच्या आळ्यात शिरलेली मी पाहिली आहे. शिवाय दृष्टिदोष असलेल्या बहुतेकांना थोडंफार दिसतं. त्यांना उठून दिसावा म्हणून पिवळा रंग असतो. “शोभत नाही” म्हणून कुणी करड्यावर करड्या फरशा सुचवल्या तर टिपणीवर स्पष्ट विरोध नोंदव.

टोकनचंही तसंच. एक अंध गृहस्थ खिडकीपाशी बसले होते. पडद्यावर आकडा बदलला की नुसती टिंग वाजायची. दर टिंगेला ते शेजाऱ्याला विचारायचे, “कितवा?” शेजारी उठून गेला आणि त्यांचा नंबरही निघून गेला. यंत्राने आकडा बोलून दाखवला असता तर? आणि नुसताच बोलून दाखवला तर कर्णबधिर माणसाची तीच गत. दोन्ही हवं, बोलणंही आणि दिसणंही.

कर्णबधिरांना “लिहून दिलं की झालं” असं समजू नकोस. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, तिचं व्याकरण वेगळं असतं, आणि आपलं कार्यालयीन लेखन तर ऐकू येणाऱ्यांनाही कळत नाही. दुभाष्याची वेळ आधी ठरवता येईल अशी सोय कर, आणि ती ठरवायला फक्त फोन नंबर देऊ नकोस. आईच्या आजाराची किंवा थकबाकीची गोष्ट दहा वर्षांच्या मुलाकडून वदवून घेणं मला कधीच सहन झालं नाही. खिडकीतल्या माणसाच्या तोंडावर उजेड असू दे, ओठ वाचणाऱ्यांना तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

संकेतस्थळावरचे अर्ज आजच तपास. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून टाकला असेल, तर पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी ते नुसतं चित्र आहे. तोच मजकूर टाइप करून टाकायला पैसे लागत नाहीत.

वरिष्ठ विचारतील, “असे किती लोक येतात?” जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे 130 कोटी लोक, म्हणजे 16 टक्के, मोठ्या स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. ते तुझ्या रांगेत दिसत नसतील तर त्यांना येता येत नाही म्हणून. नोंदवहीतला कमी आकडा हाच पुरावा म्हणून पुढे ठेव.

आणि त्यांना विचार. संयुक्त राष्ट्रांनी 13 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारलेल्या अपंग हक्क कराराच्या कलम 4 मध्ये अपंग व्यक्तींशी सल्लामसलत करण्याचं बंधन स्वच्छ लिहिलं आहे. उद्घाटनानंतर बोलावून चहा पाजणं म्हणजे सल्लामसलत नव्हे. नकाशा पेन्सिलीत असतानाच बोलाव. वेगवेगळ्या अपंगत्वाची माणसं बोलाव, कारण चाकाच्या खुर्चीला सोयीची सपाट कड पांढऱ्या काठीने चालणाऱ्या अंध माणसाला रस्ता कुठे सुरू झाला ते सांगत नाही, आणि ही तडजोड त्या दोघांनी समोरासमोर बसून ठरवायची असते. वास्तुविशारदाला फी देतो तशी त्यांच्या वेळेचीही दे, अंदाजपत्रकात तशी तरतूद कर. देखभालीची वेगळी तरतूद मागायला विसरू नकोस. माझ्या त्या उताराचं नुकसान बांधकामाने झालं नव्हतं, नंतर कुणी तिकडे फिरकलं नाही म्हणून झालं.

येत्या आठवड्यात कुणा एकाची परवानगी घेऊन त्यांच्या घरापासून तुझ्या खिडकीपर्यंत आणि परत सोबत जा. मोजपट्टी आणि वही ने. मधे बोलू नकोस, हात पुढे करू नकोस, त्यांनी मागितला तरच दे. कुठे थांबावं लागलं, किती वेळ, कुणाला विनंती करावी लागली, एवढंच लिही. त्या पानांची प्रत मला पाठव, मग तक्त्यात काय बदलायचं ते आपण मिळून ठरवू.

तुझी,
बाई