चिलखती क्रूझर आणि 'गॅरिबाल्डी वर्ग'

प्रश्न असा आला आहे : जुन्या इटालियन 'आर्मर्ड क्रूझर'ना (पोलादी कवचाच्या, लांब पल्ल्याच्या वेगवान लढाऊ जहाजांना) मराठीत नुसते 'युद्धनौका' म्हटले तर चालेल का? आणि 'गॅरिबाल्डी वर्ग' यातला 'वर्ग' म्हणजे नेमके काय?

'युद्धनौका' चुकीचे नाही, पण फार ढगळ आहे. विनाशिकाही युद्धनौकाच. मी 'चिलखती क्रूझर' लिहीन. वर्तमानपत्रांत 'चिलखती गाडी' रुळलेलीच आहे. हिंदीतून आलेल्या 'बख्तरबंद'ची गरज नाही. शिवाय इथे 'चिलखती' शब्दाला काम आहे. त्या काळी क्रूझरचे दोन प्रकार होते : एकात फक्त आतल्या डेकवर पोलादी कवच, दुसऱ्यात जहाजाच्या कुशींनाही पोलादी पट्टा. गॅरिबाल्डी दुसऱ्या प्रकारातल्या; पट्टा मध्यभागी 150 मिलिमीटर जाड. क्रूझरला 'गस्ती नौका' मात्र म्हणू नये, त्याने तटरक्षक दलाची छोटी बोट डोळ्यांसमोर येते.

'वर्ग' म्हणजे एका आराखड्यावर बांधलेली जहाजे, आणि नाव बहुधा पहिल्या जहाजाचे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या 'कलवरी वर्गा'च्या पाणबुड्या आपल्या ओळखीच्या आहेतच. गॅरिबाल्डी वर्गात हा शब्द जरा ताणला जातो. इटालियन नौका-अभियंते एदोआर्दो मास्देआ यांच्या आराखड्यावर दहा जहाजे झाली : अर्जेंटिनाची चार, इटलीची तीन, जपानची दोन, स्पेनचे एक. तोफा मात्र गिऱ्हाइकागणिक वेगळ्या. कुठे 254 मिलिमीटरच्या, कुठे 203 च्या, कुठे पुढे एक आणि मागे दुसरी. स्पेनची 'क्रिस्तोबाल कोलोन' तर मुख्य तोफा न बसवताच अमेरिकेविरुद्धच्या लढाईत गेली आणि 1898 मध्ये सांतियागो दे क्युबाजवळ संपली. जपानच्या 'निश्शिन' आणि 'कासुगा' खरे तर अर्जेंटिनासाठी बांधल्या जात होत्या. 1902 मध्ये चिलीशी समेट झाल्यावर त्या नकोशा झाल्या आणि रशियाशी युद्धाच्या तयारीत असलेल्या जपानने 1903 च्या अखेरीस घेतल्या. त्याच युद्धातल्या त्सुशिमाच्या आरमारी लढाईत (1905) 'निश्शिन'वर दोन बोटे गमावलेला तरुण अधिकारी म्हणजे पुढे पर्ल हार्बरच्या हल्ल्याची योजना आखणारे ॲडमिरल यामामोतो.

लिहिताना देशाचे नाव जोडा. 'गॅरिबाल्डी' अर्जेंटिनाचीही होती आणि इटलीचीही. 1915 मध्ये ऑस्ट्रियाच्या पाणबुडीने बुडवली ती इटलीची. 'हेनेराल बेल्ग्रानो'चेही तसेच : फॉकलंड युद्धात 1982 मध्ये बुडाली ती अमेरिकेकडून घेतलेली, या वर्गातली नव्हे.