फोनवरचं इंग्रजी: तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी हिंजवडीत एका कंपनीत आहे, क्लायंट सगळे इंग्लंडचे. ईमेल नीट लिहिते, पण फोन वाजला की पोटात गोळा येतो. हँग ऑन, हँग अप, पुट थ्रू, गेट थ्रू सगळी यादी पाठ आहे तरी ऐन वेळी गोंधळ होतोच. काय करू?
(वाचक, वाकड)

उत्तर: आधी ती यादी बाजूला ठेवा. यादीत हँग ऑन आणि हँग अप शेजारी शेजारी असतात, मग डोक्यातही तसेच चिकटून बसतात, आणि अर्थ बघा, एक म्हणजे थांबा आणि दुसरा म्हणजे फोन ठेवणं, म्हणजे एकदम उलट. त्यापेक्षा कॉल जसा घडतो त्याच क्रमाने शिका, कारण आपल्याकडे त्या प्रत्येक टप्प्याला रोजचं क्रियापद आहेच की. सकाळपासून ट्राय करतेय पण फोन लागतच नाहीये, हे झालं 'आय कान्ट गेट थ्रू'. उचलला म्हणजे पिक अप. रिसेप्शनवाली अकाउंट्सला जोडून देते ते 'आय विल पुट यू थ्रू टू अकाउंट्स'. मधेच कट झाला तर 'वी गॉट कट ऑफ'. आणि ठेवला म्हणजे हँग अप. तोंडावर फोन आपटला असं आपण म्हणतो ना, त्याला 'शी हंग अप ऑन मी', नुसत्या त्या ऑनने अपमान आला बघा त्यात.

हे शब्द उगाच पडलेले नाहीत. जुन्या भिंतीवरच्या फोनला रिसीव्हर बाजूच्या हुकाला टांगलेला असायचा, बोलणं संपलं की परत टांगायचा आणि लाईन बंद, म्हणून हँग अप. पुट थ्रू ऑपरेटरच्या काळातलं, एक्सचेंजमध्ये ती वायरची पिन बोर्डात खोचून दोन लाईनी जोडून द्यायची. आपल्याकडे थेट एसटीडी १९६० मध्ये कानपूर-लखनौपासून सुरू झालं, त्याआधी परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल बुक करून वाट बघत बसायचं, घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, ते अर्धा तास सांगतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या जोड्यांमध्ये जोर बहुतेक वेळा मागच्या छोट्या शब्दावर असतो आणि दोन्ही शब्द जोडूनच बोलतात, हँगॉन, हँगप, त्यामुळे तुम्ही हँगवर कान लावून बसलात की खरी माहिती निसटते. ऑन, अप, थ्रू, ऑफ, बॅक एवढंच पकडा. रोज दहा मिनिटं अख्खी वाक्यं मोठ्याने म्हणा, सुटे शब्द नाही. आणि हँग ऑन जरा घरगुती आहे, क्लायंटला 'कुड यू होल्ड ऑन अ मोमेंट' बरं. 'आय विल कीप द फोन' मात्र अजिबात नको, ते आपल्या 'ठेवते'चं भाषांतर आहे, तिकडच्या माणसाला वाटेल तुम्ही फोन स्वतःकडेच ठेवून घेणार आहात.

प्रश्न: माझा नातजावई इंग्रज आहे, व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर म्हणाला 'यू आर ब्रेकिंग अप, आय विल रिंग यू बॅक'. मला वाटलं काहीतरी बिनसलं. आणि रिंग म्हणावं की कॉल?
(वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: काका, काही बिनसलेलं नाही, तुमचा आवाज तुटत होता एवढंच. खिडकीपाशी जाऊन बोलून बघा, आणि आवाज बारीक येतोय म्हणून तो 'स्पीक अप' म्हणाला तर जरा मोठ्याने बोला, तो चिडलेला नसतो. रिंग ही ब्रिटिशांची सवय, कॉल सगळीकडे चालतं. पण 'पास ऑन'ला जपा हं. 'प्लीज पास ऑन माय मेसेज' म्हणजे निरोप द्या, आणि कोणाबद्दल नुसतं 'ही पास्ड ऑन' म्हणाले तर तो माणूस गेला. निरोप हा शब्द पुढे आहे का ते ऐकायचं.

प्रश्न: 'पुट मी थ्रू' की 'पुट थ्रू मी'?
(वाचक, हडपसर)

उत्तर: 'पुट मी थ्रू'. मी, यू, हिम, इट असे छोटे शब्द मधे बसतात: 'कॉल मी बॅक', 'पिक इट अप'. 'गेट बॅक टू मी'मध्ये टू आला म्हणून मी शेवटी गेला, तिथे दुसरीकडे बसवता येत नाही. आणि हो, ऑफिसात आपण सर्रास 'आय विल रिव्हर्ट' म्हणतो ते भारतात सगळ्यांना कळतं, परदेशी माणसाशी बोलताना 'आय विल गेट बॅक टू यू बाय फोर' म्हणा आणि चारच्या आत खरंच फोन करा.